कोयत्याची मूठ व शेंबी

ऊसतोडणीसाठी बीड जिल्ह्यातून दरवर्षी निघणाऱ्या पती-पत्नीच्या जोडीस मुकादमाच्या हिशेबात 'एक कोयता' म्हणतात. ज्या हत्याराचे नाव माणसांना मिळाले, त्याची मूठ मात्र पुष्कळदा हाती येईल त्या लाकडाची बसविली जाते. मुठीतून पाते निसटले तर ते पायावरच येते. म्हणून लोहाराकडून कोयता करवून घेताना मुठीचा विचार आधी करावा.

लाकूड बाभळीचे उत्तम. ते चिवट असते आणि गावातच मिळते. ते पुरते वाळलेले मात्र हवे. ओले लाकूड पुढे आकसते व पाते खिळखिळे होते. मुठीच्या तोंडाशी शेंबी हवीच, कारण लाकूड फाटण्यास तेथूनच आरंभ होतो. गाडीच्या चाकावर धाव चढवितात त्याप्रमाणे लोखंडी शेंबी तापवून चढविल्यास निवताना ती घट्ट आवळते. पितळ गंजत नाही हे खरे. परंतु उसाचा रस व दव यांच्या ओलीत पितळेला भिडलेले लोखंड अधिक लवकर गंजते, आणि तेही मुठीच्या आत, न दिसणाऱ्या जागी. शोभेच्या सुरीला पितळ खुशाल लावावे.

सांबरशिंगाच्या मुठीचा मोह काहींना होतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्या शिंगांचा व्यापार निषिद्ध आहे. म्हशीचे शिंग चालेल, पण घासून गुळगुळीत केलेले शिंग घामाच्या हातात निसरते.