नारू आणि त्याचे दोन यजमान

ज्या सजीवाच्या शरीरात परजीवी आसरा व अन्न मिळवतो त्याला यजमान म्हणतात. परजीवीची पूर्ण वाढ व लैंगिक प्रजनन ज्याच्यात होते तो अंतिम यजमान आणि केवळ अळीची अवस्था ज्याच्यात वाढते तो मध्यस्थ यजमान होय. नारूच्या कृमीचा मध्यस्थ यजमान सायक्लॉप्स हा साचलेल्या पाण्यातील सूक्ष्म कवचधारी प्राणी असून, तो पाण्यावाटे माणसाच्या पोटात गेला की जठररसाने मरतो, पण त्यातील अळ्या मात्र आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरतात. मीलनानंतर नर मरतो, तर मादी सुमारे वर्षभरात जवळजवळ एक मीटर लांब होते आणि या काळात यजमानाला तिचा पत्ताही लागत नाही. पुढे ती बहुधा पायावर फोड आणते, त्याची आग शमवण्यासाठी रुग्ण पाय पाण्यात बुडवतो आणि त्याच क्षणी ती हजारो अळ्या पाण्यात सोडते; यजमानाच्या वेदनेचाच प्रसारासाठी असा उपयोग करून घेणारे परजीवी विरळाच.

या रोगावर लस नाही आणि कृमी मारणारे औषधही नाही, तरीही पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, पाणी गाळणे आणि रुग्णाला पाणवठ्यापासून दूर ठेवणे एवढ्यावर भारतातील अखेरचा रुग्ण 1996 मध्ये नोंदला गेला व 2000 मध्ये देश नारूमुक्त घोषित झाला. आफ्रिकेतील चाड देशात मात्र कुत्र्यांनाही याच कृमीची लागण होत असल्याचे आढळल्याने केवळ माणसांवर लक्ष ठेवून तेथे भागत नाही.