अपोलोच्या गालावरची चंद्रकोर

पुण्यात एका निवृत्त सराफांकडे रोमन नाणी आहेत, जाऊन बघा, एवढंच संपादकांनी सांगितलं होतं. सम्राट, सनावळ्या, हिंदुस्थानशी व्यापार असं काहीतरी मनात जुळवत मी गेले. काकांनी काळ्या मखमलीवर एकच नाणं ठेवलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. चांदीचा डिनारियस, इ.स.पू. 90 सालचा. आकार जुन्या चार आण्यांएवढा, वजन चार ग्रॅमच्या आत. एका बाजूला अपोलोचं मस्तक, दुसऱ्या बाजूला हातात खजुराची फांदी घेतलेला भरधाव घोडेस्वार आणि त्याच्याखाली टांकसाळीचा अधिकारी लुसियस पिसो फ्रुगी याचं नाव.

"गाल बघा," काका म्हणाले.

अपोलोच्या गालात एक इवलीशी चंद्रकोर रुतली होती. ओल्या मातीत नख दाबावं तशी. तेवढ्या एका खुणेवर आमची पूर्ण दुपार गेली.

त्या काळच्या रोममध्ये तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पातळ पत्रा चढवलेली खोटी नाणी सर्रास फिरत होती. ती ओळखणारा पारखी म्हणजे नुम्मुलारियुस. नाणं तपासल्यावर त्यावर ठोकलेल्या खुणा म्हणजेच या चंद्रकोरी, ठिपके, वर्तुळं, एखादं अक्षर, असं अभ्यासक मानतात. रोमन लेखक पेट्रोनियसच्या कादंबरीतला नवश्रीमंत त्रिमाल्किओ सांगतो, की विद्येखालोखाल वैद्य आणि पारखी यांचे धंदे सर्वांत अवघड, कारण पारख्याला चांदीतून तांबं बघावं लागतं. या माणसांच्या हाडाच्या आणि हस्तिदंताच्या लहान पट्ट्याही सापडल्या आहेत. त्यांवर पारख्याचं नाव (बहुधा तो गुलामच असे), मालकाचं नाव, 'तपासलं' अशा अर्थाचा शब्द, दिवस, महिना आणि त्या वर्षीच्या कॉन्सलांची, म्हणजे सर्वोच्च अधिकाऱ्यांची, नावं असतात. नाण्यांच्या मोहोरबंद थैल्यांना या पट्ट्या बांधत, हे 1919 साली रुडॉल्फ हेरझोग यांनी उलगडलं. आपल्याकडे नाणी पारखण्याचं काम पोतदार करत. चाळीस वर्षं पेढीवर बसलेल्या काकांना चंद्रकोर ठोकणाऱ्या त्या अनाम पारख्याबद्दल जी माया वाटते, ती मला फार आवडली.

"आता खूण ओळखायची कशी ते सांगतो. नाणं हलवू नका, दिवा फिरवा."

दिवा फिरवला आणि चंद्रकोर एकाएकी वर आली, फोडासारखी. आणखी फिरवला, तर पुन्हा खड्डा. उजेड वरूनच येतो असं आपले डोळे धरून चालतात, म्हणून तो खालून आला की खोलगट भाग उंच दिसतो. फोटोवरून खुणा ओळखणारे इथेच फसतात. पिसोच्या नाण्यावर तर धोका दुप्पट. त्याच्या टांकसाळीने साच्यांवरच अक्षरं, आकडे, चित्रं अशा ओळखखुणा कोरल्या होत्या. त्या नाण्यावर उठून येतात. पारख्याची खूण मात्र खोलच असते, तिच्या काठाला ढकललेल्या चांदीची बारीक कड असते. नाणं उलटून नेमक्या मागच्या जागी पाहायचं. ठोका जोरात बसला असेल तर तिथली नक्षी चेपलेली सापडते. खुणेच्या तळाशी बाकीच्या नाण्यासारखाच काळपटपणा हवा. आतली चांदी ताजी लखलखत असेल तर संशय घ्यायचा.

एवढं जमलं तरी खूण कोणाची, हे उरतंच. राज्यकर्त्यांनी मारलेले ठसे बोलके असतात. नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप मारली, हे नाशिकजवळच्या जोगलटेंभीच्या साठ्यामुळे आपल्याला ठाऊक आहे. जर्मनीत काल्क्रीझला ऑगस्टसच्या तांब्याच्या नाण्यांवर 'व्हार' अशी जोडअक्षरं सापडली. व्हारुस हा सेनापती इ.स. 7 ते 9 या काळात तिथे होता, म्हणून त्या ठशाला तारीखही मिळते. चंद्रकोरीला मात्र ना नाव, ना गाव. तीच आकृती दहा शहरांतल्या दहा पेढ्यांनी वापरली असेल. नाणं शंभर-दीडशे वर्षं हातोहात फिरलं, मग खूण पहिल्या वर्षीची की शेवटच्या? दोन खुणा एकमेकींवर चढल्या असतील तर थोडा आधार मिळतो: जिची कड मोडली ती आधीची. पण बहुतेक वेळा त्या दूरदूर असतात. झीज बघावी, तर जी खूण उथळच बसली ती जुनी भासते. हे सगळं ऐकताना मला धास्तीच वाटत होती, कारण नाणी विक्रीसाठी चकचकीत करताना खुणांच्या तळाचा काळपटपणाच आधी जातो, आणि तो गेला की विचारायलाही काही उरत नाही.

निघताना काकांनी दुसरी डबी उघडली. तसाच डिनारियस, त्यावर तीन निरनिराळ्या खुणा. तीन वेळा पारखून पास झालेलं नाणं. त्यांनी ते हलकेच आडवं धरलं. काठाला चांदी सोललेली होती आणि आतून हिरवट तांबं दिसत होतं.

"तिघांच्याही हातून निसटलं," काका म्हणाले, आणि नाणं पुन्हा कापसात ठेवलं.