जुना रुपया : ऐब दिसला की भाव उतरला

बारामती-इंदापूर भागात सराफाच्या पेढीवर किंवा मोडवाल्याच्या तराजूत राणीछाप, राजाछाप रुपया अधूनमधून येतोच. बहुतेक जण तो वजनावर घेतात. वजन ११.६६ ग्रॅम, त्यात शेकडा ९१.७ चांदी; १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच. हिशेब संपला. पण हाच रुपया संग्राहकाकडे गेला की वजनापेक्षा त्याची अवस्था पाहिली जाते.

अमेरिकेतील पीसीजीएस (१९८६) व एनजीसी (१९८७) या संस्था नाणे तपासून १ ते ७० पर्यंत प्रत ठरवतात आणि ते प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करतात. तिकडे खेळाडूंच्या छापील कार्डांचीही अशीच प्रतवारी होते. कोपरा दबला तरी भाव कोसळतो.

आपल्याकडचा मोठा ऐब म्हणजे कडी. गळ्यातल्या माळेसाठी रुपयाला कडी डागलेली असते. कारागीर ती काढून कानस मारून देतो, पण डागाची खूण कडेवर राहतेच. बुजवलेले भोकही भिंगाखाली लपत नाही. अशा नाण्याला आकड्याऐवजी नुसता ‘डिटेल्स’ असा शेरा मिळतो. दुसरा ऐब आपण स्वतः लावतो : चिंच, राख, पॉलिश. घरचे चकाकी पाहून खूश होतात, जाणकार मात्र तोंड फिरवतो. टाकसाळीतली मूळ झळाळी एकदा घासली गेली की परत येत नाही. त्यापेक्षा हातोहाती झालेली झीज परवडली.

१९११ चा रुपया घ्या. पंचम जॉर्जच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी मुसलमानांची तक्रार झाली. पाडलेल्या सुमारे ९४ लाखांपैकी जेमतेम ७ लाख नाणी बाहेर गेली होती. उरलेली वितळवली आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. म्हणून या सालाला मागणी आहे. पण तो हत्तीच झिजून सपाट झाला असेल, तर गिऱ्हाईक हात आखडता घेणारच.

रसूलुल्लाह (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतली ओल उघडी केली होती. काढलेली कडी ही तशीच ओल आहे. पावतीवर ‘कडी काढलेली’ असे लिहिले तर चार पैसे कमी येतील, पण माल परत येणार नाही.

जमिनीत सापडलेल्या नाण्यांची गोष्ट वेगळी. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरील ठेव्याची खबर कलेक्टरला द्यावी लागते. शिवाय १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपूर्वीचे नाणे खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, तेव्हा प्रतवारीसाठीही ते बाहेर धाडण्याच्या फंदात पडू नये.