शंकेला उत्तर न देण्याचा उपचार

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा ओसीडीच्या, म्हणजे मंत्रचळाच्या आजाराच्या, जागृतीचा. १० तारखेचा जागतिक मानसिक आरोग्य दिनही त्याच्याच आगेमागे येतो. त्यामुळे लक्षणांची यादी या आठवड्यात बहुतेकांच्या मोबाइलवर येऊन गेली असेल. वारंवार हात धुणं, कडी पुन्हापुन्हा ओढून बघणं, वस्तू एका रेषेत लावणं. ती यादी इथे परत देत नाही. या आजारातून माणसं बरी कशी होतात, हे त्या यादीनंतर सांगायचं राहून जातं. आणि माणसं बरी होतात. निदान इतकी सुधारतात की नोकरी, संसार, देवपूजा, प्रवास सगळं पुन्हा हाताशी येतं. हे ठाऊक नसल्यामुळे आपल्याकडे कितीतरी जण ऐन उमेदीची वर्षं न्हाणीघरात आणि दाराच्या कडीपाशी घालवतात. याची मला मनापासून चीड येते.

यादीत न बसणारे रुग्ण तर आणखी एकटे पडतात. बाळंतीण बाळाला अंघोळ घालत असते आणि ‘मी याला पाण्यात बुडवलं तर?’ असं मनात येतं. ती हादरते, बाळाला हात लावायचं टाळते आणि कुणालाही काही सांगत नाही. वर्षानुवर्षं भक्तिभावाने पूजा करणाऱ्या गृहस्थाच्या मनात मूर्तीसमोर हात जोडताक्षणी अश्लील चित्र उमटतं. दुचाकीवरून घरी आलेला मुलगा ‘मघाशी खड्ड्यात गाडी उडाली, ती खड्ड्यातच ना? माणूस तर नव्हता?’ म्हणून तोच रस्ता पुन्हा पालथा घालतो. यातला कुणीही स्वच्छतेचा वेडा नाही. पण तिघांचाही आजार एकच आहे.

या माणसांना सगळ्यात आधी कुठली गोष्ट सांगायला हवी असेल, तर ती १९७८ सालची. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायकिअ‍ॅट्रीमध्ये स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डिसिल्व्हा या दोघांनी कुठलाही मानसिक आजार नसलेल्या लोकांना विचारलं, की नको असलेले, विचित्र, हिंसक, घाण विचार तुमच्या मनात येतात का? दहातल्या साधारण आठांनी ‘येतात’ असं सांगितलं. मग हे विचार आणि रुग्णांचे विचार एकत्र करून जाणकारांपुढे ठेवले आणि कुठले कोणाचे ते ओळखायला सांगितलं. त्यांना ते नीट जमलं नाही. विचारांचा मजकूर जवळपास सारखाच होता. रुग्णांना ते विचार जास्त वेळा येत, जास्त वेळ टिकत, जास्त छळत आणि घालवायला जास्त कठीण जात, एवढाच फरक. म्हणजे त्या बाळंतिणीच्या मनात आलेला विचार तिच्या शेजारणीच्याही मनात येऊन गेलेला असतो. शेजारीण ‘छे, काहीतरीच’ म्हणून साबण उचलते. हिला त्या विचारात आपलं खरं रूप दिसल्यासारखं वाटतं.

मग तो विचार घालवण्याची धडपड सुरू होते. हात धुणं, परत जाऊन बघणं, मनातल्या मनात मंत्र म्हणणं, ‘मी तशी नाही ना?’ असं नवऱ्याला विचारणं. खाजवलं की क्षणभर बरं वाटतं आणि खाज वाढते, तसंच हे चक्र. विचार दाबून टाकण्याचंही तेच होतं. डॅनियल वेगनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं. अस्वल काही त्यांच्या डोक्यातून जाईना आणि नंतर मोकळीक दिल्यावर तर ते आणखीच जोरात आलं. तरीही ‘मनगटाला रबर बांधा, विचार आला की ओढून सोडा’ हा सल्ला आजही दिला जातो. ज्या रुग्णाचा आजारच विचारांना घाबरण्याचा आहे, त्याला विचार आल्याची शिक्षा द्यायला सांगणारा हा सल्ला बंद व्हायला हवा.

आजच्या उपचाराची सुरुवात झाली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात. तिथल्या व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली दोन स्त्री-रुग्णांवरच्या उपचारांची हकीकत प्रसिद्ध केली. एकीला घाणीची आणि रोगराईची भीती होती, तर दुसरीच्या मनात धर्माविषयी अश्लील विचार येत. तोवर असे रुग्ण जवळजवळ असाध्य मानले जात. मेयर यांनी भीतीचं मूळ शोधण्यात वेळ घालवला नाही. ज्याची भीती वाटते त्याला रुग्णाने हात लावायचा, पण नंतरचं धुणं-पुसणं मात्र करू द्यायचं नाही, असा क्रम त्यांनी लावला. परिचारिका दिवसभर सोबत असत. खोलीतल्या नळाचं पाणी बंद केलेलं असे, साबण मोजून मिळे. हे ऐकायला क्रूर वाटतं. पण पुढच्या काही वर्षांत त्यांनी याच रीतीने उपचार केलेल्या पंधरा रुग्णांपैकी दहा जणांमध्ये मोठी सुधारणा झाली किंवा त्यांची लक्षणं गेली. यालाच आता ईआरपी म्हणतात, म्हणजे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. भीतीला सामोरं जायचं आणि नेहमीची सुटकेची कृती करायची नाही. फरक एवढाच, की आता नळ कुणी दुसरं बंद करत नाही. तो बंद ठेवायचा हे रुग्ण स्वतः ठरवतो.

धुतलं नाही तर काय होतं? ‘मी वेडी होईन’, ‘ही बेचैनी कधी संपणारच नाही’ असं रुग्णांना खात्रीने वाटत असतं. १९७६ मध्ये रॅकमन, डिसिल्व्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच घड्याळ लावून मोजलं. रुग्णांना भीतीच्या वस्तूला हात लावायला सांगितलं आणि मग नुसतं थांबायला सांगितलं. पहिल्या तासातच बेचैनी आणि धुण्याची ओढ बरीच खाली आली. तीन तासांत ती जवळपास ओसरली. काहीही न करता! माझ्या मते या आजाराविषयी इतकी दिलासा देणारी माहिती दुसरी नाही. ती प्रत्येक रुग्णाला पहिल्याच भेटीत मिळायला हवी.

डिसिल्व्हा यांच्याविषयी थोडं थांबून सांगावंसं वाटतं. श्रीलंकेत जन्मलेला हा मानसशास्त्रज्ञ लंडनमध्ये वर्तनोपचाराचं काम करत असतानाच पाली ग्रंथ वाचत होता. १९८० च्या दशकात त्यांनी लेख लिहून दाखवलं, की नकोशा विचारांना हाताळण्याच्या आजच्या काही रीतींशी जुळणाऱ्या रीती पाली वाङ्मयात आहेत. मज्झिम निकायातल्या वितक्कसंठान सुत्तात अशा पाच रीती आहेत. विचाराच्या जागी दुसरा चांगला विचार आणणं, त्याचे तोटे पाहणं, त्याच्याकडे लक्ष न देणं, तो कशातून उठला ते पाहत त्याला शांत होऊ देणं आणि यातलं काहीच जमलं नाही तर दात आवळून मनाने मनाला दाबणं. हे सुत्त भिक्षूंसाठी आहे, ओसीडीच्या रुग्णांसाठी नाही. तरी महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वाचताना आपल्याच मातीतलं काही सापडल्यासारखं वाटेल. माझं मत असं, की यातली तिसरी आणि चौथी रीत ओसीडीच्या माणसाने जरूर जवळ करावी आणि पाचवीपासून लांब राहावं. ती भिक्षूंसाठीसुद्धा शेवटचाच मार्ग म्हणून सांगितली आहे. पहिलीतही धोका आहे. वाईट विचाराच्या जागी दरवेळी चांगला विचार आणायचाच असं बंधन झालं, की तोच नवा विधी होतो.

हा धोका आपल्याकडे नामजपाच्या रूपात दिसतो. जप ही श्रद्धा असते तोवर प्रश्न नसतो. पण ‘घाण विचार आला, आता एकशे आठ वेळा, मध्ये चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून’ असं सुरू झालं की तो आजार असतो. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून घरच्यांना ‘ध्यान वाढलंय’ असं कौतुक वाटतं. सोवळ्या-ओवळ्याच्या घरांत तर हे ओळखायला फार उशीर होतो, कारण आजाराला तिथे शिस्तीचा मान मिळतो. चांगला उपचारक रुग्णाला धर्म सोडायला सांगत नाही. त्याच घरातली, त्याच श्रद्धेची, आजार नसलेली आत्या किंवा काकू जेवढं करते तेवढंच करायचं, हे माप पुरतं. आत्या एकदा हात धुऊन नैवेद्य दाखवते ना? मग तेवढंच.

प्रत्यक्ष काम पायरीपायरीने चालतं. रुग्ण आणि उपचारक मिळून भीतीची उतरंड लिहितात. सगळ्यात खाली, समजा, दाराच्या मुठीला हात लावून दहा मिनिटं बसणं. वरती बसस्थानकाच्या बाकावर बसून आल्यावर त्याच कपड्यांत पलंगावर झोपणं. खालच्या पायरीला पुरेसा वेळ दिला की वरची आपोआप थोडी सोपी वाटू लागते. एकदम थांबणं जमत नसेल, तर निदान पुढे ढकलायचं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ जेफ्री श्वार्ट्झ यांनी पंधरा मिनिटांचा नियम सुचवला होता. ओढ आली की पंधरा मिनिटं दुसऱ्या कामात हात घालायचा आणि मग पुन्हा ठरवायचं. मला हा नियम सुरुवातीला उपयोगी वाटतो. पण तोच मुक्काम होऊ नये. पंधरा मिनिटांनी का होईना, रोज धुतलंच जात असेल तर आजाराला त्याचं खाद्य मिळतंच आहे.

अमेरिकेत एड्ना फोआ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ईआरपी पूर्ण करणाऱ्यांपैकी ८६ टक्क्यांना चांगला फायदा झाला. क्लोमिप्रामिन हे औषध पूर्ण मुदत घेणाऱ्यांत हे प्रमाण ४८ टक्के होतं. नॉर्वेतल्या बर्गन शहरात गेर्ड क्वाले आणि ब्यार्ने हान्सेन यांनी हा उपचार चार दिवसांत बसवला. तीन ते सहा रुग्ण आणि तितकेच उपचारक असतात. मधले दोन दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत भीतीच्या जागी जाऊन सराव केला जातो. बेचैनीपासून पळायचं नाही, उलट तिच्याकडे झुकायचं, ही त्यांची शिकवण. आपल्या मोठ्या शहरांत हे सहज करून पाहता येईल आणि कुणीतरी ते करावं.

आता घराकडे वळतो, कारण माझ्या मते आपल्याकडे अर्धा उपचार तिथेच अडतो. मराठी घरात आजारी माणसाला एकटं सोडत नाहीत. पण ओसीडीत हेच प्रेम आजाराच्या हाती लागतं. ‘आई, मी हात नीट धुतले ना गं?’ ‘हो रे बाळा, मी पाहिलं.’ पाच मिनिटांनी पुन्हा, ‘नक्की ना?’ मग बाबा बाहेरून आले की कपडे दारातच काढतात, आजीने गादीवर बसायचं नाही असं ठरतं, बहीण त्याच्या वाटचे दिवे बंद करते. प्रत्येकाला वाटतं, आपण त्याचा त्रास कमी करतोय. प्रत्यक्षात प्रत्येक उत्तराने शंकेची पुढची फेरी सुरू होते.

एकदम सगळं बंद करून रागावणं हाही उपाय नाही. ‘पुरे झाली तुझी नाटकं’ या वाक्याने रुग्ण फक्त लपायला शिकतो. आधी शांत वेळी, सगळ्यांनी मिळून ठरवायचं. मग प्रश्न आला की आईने म्हणायचं, ‘हा प्रश्न तुझ्या आजाराचा आहे, राजा. त्याचं उत्तर मी देणार नाही. पण बेचैनी कमी होईपर्यंत तुझ्याजवळ बसते.’ असं म्हणणं आईला किती जड जात असेल, याची मला कल्पना आहे. पहिले काही दिवस चिडचिड, रडारड वाढते, आणि ती वाढणार हे आधीच माहीत असलेलं बरं. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी मुलांच्या चिंताविकारांसाठी फक्त पालकांना शिकवणारी पद्धत तयार केली. २०२० च्या चाचणीत ती मुलांवर थेट केलेल्या उपचाराइतकीच उपयोगी ठरली. मूल उपचाराला तयार नसलं तरी पालक सुरुवात करू शकतात, एवढा अर्थ त्यातून नक्की घेता येतो. आणि हो, गूगल हाही आता घरातलाच एक सदस्य झाला आहे. ‘डाग रक्ताचा असेल तर?’ असं रात्री दोन वाजता शोधणं म्हणजे आईला विचारण्याचंच दुसरं रूप.

औषधांविषयी थोडक्यात. फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवॉक्सामिन यांसारखी औषधं खरोखर उपयोगी पडतात. आजार तीव्र असेल तर आधी औषधाने थोडा उसंतीचा अवकाश मिळतो आणि मग ईआरपी झेपते. मात्र ओसीडीत डोस अनेकदा नैराश्यापेक्षा जास्त लागतो आणि परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. तिसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून गोळ्या सोडणारे बरेच असतात. बरं वाटल्यावर मनाने बंद करणं तर त्याहून वाईट. कमी करायच्या तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू.

बरं होणं सरळ रेषेत होत नाही. परीक्षा, बाळंतपण, घरातलं मरण, सलग जागरणं अशा काळात जुनी ओढ परत डोकं वर काढते. कधी आजार विषयच बदलतो. हात धुणं गेलं आणि गॅसचा नॉब तपासणं आलं, असं झालं की माणूस खचतो. पण विषय बदलला तरी उत्तर तेच राहतं, आणि एकदा शिकलेली कसरत पुन्हा करायला पहिल्याइतका वेळ लागत नाही. आपल्या धोक्याच्या खुणा आणि तेव्हा करायचे पहिले दोन सराव वहीत लिहून ठेवावेत, घरातल्या एकाला ती वही कुठे आहे ते सांगावं.

राहिला प्रश्न जायचं कुठे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये ओसीडीसाठी खास विभाग आहे. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. खासगी समुपदेशकाकडे जाणार असाल तर पहिल्याच भेटीत विचारा: तुम्ही ईआरपी करता का? सत्रांच्या मध्ये घरी करायचा सराव देता का? घरच्यांना एखाद्या सत्राला बोलावता का? उत्तरात फक्त दीर्घ श्वास, सकारात्मक विचार आणि बालपणाची चौकशी एवढंच आलं, तर संकोच न करता दुसरं दार ठोठावा.