विद्यापीठीय इंग्रजी आणि तिचा अध्यापक

होसूर आणि सरजापूर या गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांवरून ज्याचे नाव पडले, तो बंगळूरचा एचएसआर लेआउट आज नवउद्योगांची वसाहत म्हणून ओळखला जातो. भिन्न प्रांतांतून आलेले पदवीधर तेथे परस्परांशी इंग्रजीतून व्यवहार करतात. सोलापूर-नांदेडकडून आलेला, शालान्त परीक्षेपर्यंत मराठीतून शिकलेला तरुणही त्यांत असतो. संभाषणापुरती इंग्रजी त्याला सहवासाने साधते. परंतु प्रश्नाची मांडणी, पुराव्याची छाननी आणि निष्कर्षाची मर्यादा ही त्या भाषेत लिहून दाखविण्याची वेळ आली, की त्याची लेखणी अडखळते. हा दोष बहुधा त्याच्या बुद्धीच्या खाती मांडला जातो. वस्तुतः ही विद्या त्याला कोणी शिकविलेलीच नसते. आणि ती शिकवावयाची ज्याच्यावर सोपविलेली असते, त्यालाही ती कोणी शिकविलेली नसते.

या उणिवेची जाणीव आपल्याकडे नवी नाही. इंग्रजीच्या अध्यापकांना भाषाशिक्षणाचे शास्त्र अवगत व्हावे, या हेतूने हैदराबाद येथे १९५८ मध्ये केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली. २००७ मध्ये तिचे रूपांतर केंद्रीय विद्यापीठात झाले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन केलेले आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविलेले कन्नड कवी विनायक कृष्ण गोकाक हे या संस्थेचे संचालक होते व पुढे बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. खुद्द बंगळुरात १९६३ मध्ये दक्षिणेतील राज्यांसाठी प्रादेशिक इंग्रजी संस्था निघाली. मात्र तिचा मुख्य रोख शालेय शिक्षकांवर राहिला.

महाविद्यालयीन अध्यापकाची स्थिती निराळी आहे. शाळेत शिकविण्यास शिक्षणशास्त्राची पदवी लागते. महाविद्यालयात ती लागत नाही. १९८९ पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षा घेतली जाऊ लागली. तीत अध्यापनविषयक अभियोग्यतेचे प्रश्न असतात, पण वर्ग घेऊन दाखविण्याची कसोटी नसते. शिवाय इंग्रजीची पदव्युत्तर पदवी मुख्यतः साहित्याची असते. नाट्यकाव्याच्या रसग्रहणात मुरलेल्या अध्यापकाला अभियांत्रिकीच्या वर्गात प्रयोगाचा अहवाल लिहावयास शिकवा असे सांगणे, म्हणजे गवयाच्या हाती तबला देऊन संगतीची अपेक्षा करणे होय. त्याला तालाचे ज्ञान असते; हात मात्र बसलेला नसतो.

मग त्याने शिकावयाचे काय? पहिली गोष्ट म्हणजे शास्त्रीय लेखनाची घडण. जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या विवेचनानुसार, संशोधनलेखाच्या प्रास्ताविकात साधारणतः तीन पावले दिसतात : विषयक्षेत्राचे महत्त्व सांगणे, पूर्वीच्या अभ्यासातील उणीव दाखविणे आणि ती आपण कशी भरून काढणार हे सांगणे. भारतीय वाचकाला यात फारसे परके काही वाटू नये. पूर्वपक्ष मांडून, त्याचे खंडन करून सिद्धान्ताकडे जाण्याची शास्त्रार्थाची रीत याच कुळातील आहे. ती मराठी विद्यार्थ्याला आधी त्याच्या परंपरेतून दाखविली, तर इंग्रजीतील मांडणी त्याला उसनी वाटणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे गरजांची पारख : न्यायशास्त्राच्या व रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एकच इंग्रजी पुरत नाही. तिसरी, लेखन तपासण्याची दृष्टी. प्रत्येक व्याकरणदोषाखाली तांबडी रेघ ओढल्याने वही सुधारते, विचार सुधारत नाही. युक्तिवाद कोठे तुटला हे प्रथम दाखवावे लागते. चौथी, अनुभवी सहकाऱ्याच्या नजरेखाली वर्ग घेणे व त्यावर निःसंकोच चर्चा करणे. ब्रिटनमधील या क्षेत्रातील अध्यापकांच्या संघटनेने २००८ मध्ये अध्यापकाला आवश्यक अशा क्षमतांची चौकटच सिद्ध केली.

तथापि चौकट म्हणजे अध्यापन नव्हे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांतून केलेला प्रयोग 'बंगळूर प्रकल्प' म्हणून जगभर ओळखला गेला. रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा अशा साधनांवरील कृत्यांत मन गुंतले असता भाषा आत्मसात होते, हे त्यामागील तत्त्व. त्याच प्रभूंनी १९९० मध्ये सर्वश्रेष्ठ अशी एकच पद्धती नसते असे प्रतिपादिले. अध्यापकाला स्वतःच्या कृतीचे मर्म पटलेले असणे त्यांना अधिक मोलाचे वाटले. म्हणून प्रशिक्षणाने अध्यापकाला केवळ तयार पाठ देऊन भागत नाही. आपल्या पाठाची कारणे शोधण्याची सवय त्याला लावावी लागते.

इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. ते दूध पचते की नाही याची परीक्षा आजवर विद्यार्थ्याचीच झाली. ते पाजणाऱ्याच्या सिद्धतेचा विचार क्वचितच झाला. जोवर तो होत नाही, तोवर मराठीतून विचार करणारी कितीतरी बुद्धी इंग्रजीच्या उंबरठ्यावर अबोल राहील, आणि ती मंद होती असा खोटा निर्वाळा दिला जाईल.