आखडलेल्या हाताला काम हवं

पक्षाघात होऊन काही आठवडे लोटले की अनेक घरांत गोंधळ सुरू होतो. सुरुवातीला लुळा पडलेला हात आता कोपरात वाकून छातीशी येऊ लागतो, मूठ घट्ट वळते, पाऊल आत वळतं. कुणी म्हणतं, 'ताकद आली.' कुणी म्हणतं, 'नस आखडली.' मग मालिशवाला येतो, तेलाच्या बाटल्या येतात, पारव्याचं रक्त चोळण्याचा सल्लाही मिळतो. यातलं काहीच मुळापर्यंत पोहोचत नाही, कारण हात आखडलेला दिसला तरी बिघाड मेंदूत असतो.

कोणताही स्नायू ताणला की तो आपोआप आकसतो. निरोगी माणसात मेंदूकडून येणारे संदेश या प्रतिक्षिप्त क्रियेला आवरून धरतात. या संदेशांच्या मार्गांना इजा झाली की आवर सुटतो. ऑस्ट्रेलियन मेंदूविकारतज्ज्ञ जेम्स लान्स यांनी 1980 मध्ये या ताठरपणाची, म्हणजे स्पास्टिसिटीची, जी व्याख्या मांडली तिचं मर्म वेगात आहे. हात जितक्या झटक्याने ओढावा तितका तो जोराने विरोध करतो. म्हणून मूठ हिसकून उघडणं हा उपाय नव्हे. सावकाश ताण देऊनही सांधा उघडत नसेल, तर स्नायूच आखूड झालेला असण्याची शक्यता असते. ती अडचण वेगळी आणि तिचे उपायही वेगळे.

सर्वांत नुकसान करणारा गैरसमज मात्र दवाखान्यांतूनच पसरला. 'जोर लावू नका, ताठरपणा वाढेल' असं रुग्णांना वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. नाझी राजवटीतून निसटून लंडनला आलेल्या बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याने पुनर्वसनाची जी पद्धत रुजवली, तिच्यात अति प्रयत्नाने चुकीचा ताण बळावतो असा विचार होता. त्या काळात पक्षाघाताच्या रुग्णाची दुबळी बाजू सुधारू शकते हे मानायलाच फारसं कुणी तयार नव्हतं, त्यामुळे बोबाथ यांचं ऋण मोठं आहे. पण ही विशिष्ट भीती पुराव्यावर टिकली नाही. सिडनीच्या लुईस आडा आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये 21 चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामांनी ताकद वाढली, कामं थोडी सुधारली आणि ताठरपणा वाढला नाही असं दिसलं. शर्टाचं बटण लावताना रुग्ण अडतो तो बऱ्याचदा ताठरपणामुळे नव्हे, तर दुबळेपणामुळे. हे जितक्या लवकर घरच्यांना कळेल तितकं बरं.

रबरी चेंडू दाबायला देण्याची सवयही तपासून पाहावी. मूठ वळणं अनेकांना आधीच जमत असतं. अडतं ते बोटं उघडणं आणि मनगट उचलणं. चेंडू ते शिकवत नाही.

दुबळा हात न वापरण्याची सवय जडते आणि ती मोडता येते, हे एडवर्ड ताउब यांनी माकडांवरील प्रयोगांतून मांडलं. पुढे अमेरिकेतील 'एक्साइट' चाचणीत, पक्षाघाताला 3 ते 9 महिने झालेल्या 222 जणांचा अभ्यास झाला. उपचारगटातल्या रुग्णांनी दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ चांगल्या हातावर जाड मोजा चढवला आणि दुबळ्या हाताकडून रोज तासन्‌तास कामं करून घेतली. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दुबळ्या हाताला झालेला फायदा वर्षभरानंतरही टिकलेला दिसला. एक महत्त्वाची अट होती: मनगट आणि बोटं थोडी तरी उचलता यायला हवीत.

इथे प्रश्न येतो सरावाच्या मात्रेचा. कॅथरीन लँग यांच्या 2009 च्या पाहणीत फिजिओथेरपीच्या एका सत्रात हाताची कामाची हालचाल सरासरी फक्त 32 वेळा होत होती. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसतात ते शेकडो आवर्तनांनंतर.

'सहा महिन्यांत जे आलं तेच, पुढे काही नाही' हे वाक्य तर आता कुणी उच्चारूच नये. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये 224 रुग्णांना तीन आठवड्यांत 90 तासांचं प्रशिक्षण दिलं गेलं. त्यांच्यातल्या अनेकांचा पक्षाघात दीड वर्षाहून जुना होता. तरीही हात सुधारले, आणि सहा महिन्यांनंतरही ती सुधारणा टिकून होती.

बोटॉक्सबद्दल दोन टोकं ऐकू येतात: विष आहे, किंवा जादू आहे. योग्य हातांनी दिलेलं इंजेक्शन साधारण तीन महिने स्नायू सैल करतं; तळहात धुता येतो, बाही चढवता येते, वेदना कमी होते. हालचाल मात्र ते शिकवत नाही, त्यासाठी सराव लागतोच.

आणि घरच्यांनी स्वतःला दोष देऊ नये. भारतातील 14 रुग्णालयांत 1250 रुग्णांवर झालेल्या 'अटेंड' चाचणीत (2017) नातेवाइकांना शिकवून घरीच पुनर्वसन केलं गेलं, पण सहा महिन्यांनंतर नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक पडला नाही. घरच्यांची माया प्रशिक्षित थेरपिस्टची जागा घेऊ शकत नाही. ती सोय जिल्ह्याच्या ठिकाणी मिळाली पाहिजे, ही मागणी रास्त आहे.

एक गोष्ट मात्र घरच्यांनी नक्की लक्षात ठेवावी. ताठरपणा अचानक वाढला, तर आधी लघवीतला संसर्ग, बद्धकोष्ठता, पाठीवरची जखम किंवा रुतणारा पट्टा आहे का ते पाहा आणि लगेच डॉक्टरांना कळवा.