पानांत वाढलेला इतिहास

तारापूर म्हटलें कीं बोईसरच्या आजच्या मुलाला १९६९ सालीं सुरू झालेलें अणुवीजकेंद्र आठवतें. समुद्रकांठचा किल्ला आठवत नाहीं. पाठ्यपुस्तकांत किल्ल्याच्या वांट्याला आलीच तर एखादी ओळ येते, आणि तीही परीक्षेपुरती पाठ होते. सात-आठ वर्षांच्या मुलाला १७३९ हा गणितांतल्यासारखाच एक आंकडा. परंतु त्याच मुलाला भूक कळते, तिखट कळतें, आणि आवडीचा पदार्थ पानांत नसला तर तें फारच लवकर कळतें. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं नातवंडें आहेत त्यांनीं महिन्यांतून एखादा रविवार या कामीं लावून पाहावा.

आरंभ मात्र पदार्थ वाढण्यापासून नव्हे, काढून घेण्यापासून करावा. पोर्तुगीजांना वसईचा मुलूख मिळाला तो १५३४ सालीं. त्यांच्या गलबतांबरोबर अमेरिका खंडांतील कितीएक पिकें या देशाच्या किनाऱ्याला लागलीं. तेव्हां त्यांच्या पूर्वींचें जेवण मांडावयाचें तर मिरची, बटाटा, टोमॅटो, भुईमूग, काजू, पेरू, पपई, अननस हीं सारीं बाजूला ठेवावीं लागतात. डहाणू-घोलवडचा चिकूही जातो. तोही मूळचा मध्य अमेरिकेचा. मूल हिरमुसतें, आणि नेमका तोच क्षण बोलण्याचा. मग उरतें काय? भात, नाचणीची भाकरी, वरी, कुळीथ, वांगें, नारळ, चिंच, आलें, मिरीं, हळद, गूळ, केळें. मासे खाणाऱ्यांच्या घरीं सुके बोंबील. हें कांहीं उपाशी राहण्याचें जेवण नव्हे. मिऱ्यांचा तिखटपणा जिभेला कसा निराळा लागतो, हें मुलालाच सांगूं द्यावें.

या खेळांत खरा धक्का बसतो तो आजीला. एकादशीची साबुदाण्याची खिचडी! साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरची, चौघेही अमेरिकेचे. जुनें उरतें तें तूप आणि जिरें. उपवासाच्या पानांत एवढे परदेशी पाहुणे बसलेले पाहून मुलाला जें हसूं येतें, तें सनावळी वाचून येणार नाहीं. बटाटा, पाव, काजू, अननस हे शब्दही पोर्तुगीजांच्याच भाषेंतून आले, हें त्याच वेळीं सांगून टाकावें.

दुसऱ्या एखाद्या रविवारीं तारापूरच्या वेढ्याचें जेवण करावें. जानेवारी १७३९ मध्यें चिमाजी अप्पांच्या फौजेनें हा किल्ला घेतला. त्या हल्ल्यांत बाजी भिवराव रेटरेकर पडले. पुढें मे महिन्यांत वसई आली. या पंगतीला श्रीखंड-पुरी मांडून तिला 'मराठ्यांचें जेवण' म्हणणें ही शुद्ध फसवणूक होय. भाकरी, कांदा आणि चटणी एवढ्या शिदोरीवरच थांबावें. मिरची तोंवर रुळलेली होती, म्हणून चटणीस हरकत नाहीं. बटाटा मात्र घरोघरीं पोंचला तो इंग्रजी अमदानींत. शक्य असल्यास शिदोरी बांधून मुलाला तारापुरासच न्यावें, तटबंदी बाहेरून दाखवावी आणि जमिनीवर बसून जेवावें. "तटाच्या आंतल्यांना जेवण कोण देत होतें?" असें मुलानें विचारलें तर त्याला दटावूं नये. आंतही माणसेंच होतीं.

असल्या जेवणांत हौसेला भर येतो आणि प्रत्येक तारखेला एक पदार्थ चिकटवावासा वाटतो. पालघरच्या घरांनीं एक दिवस तरी यांतून वगळावा. १४ ऑगस्ट १९४२ रोजीं येथें कचेरीवर निघालेल्या मोर्च्यावर गोळीबार झाला आणि काशीनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामप्रसाद तिवारी, रामचंद्र चुरी व सुकुर मोरे हे पांच जण मरण पावले. त्या दिवशीं मुलाला हुतात्मा स्तंभापाशीं न्यावें आणि पांचही नांवें त्याच्याकडून मोठ्यानें म्हणवून घ्यावीं. घरीं आल्यावर साधा वरणभात. जेवतां जेवतां त्यानें कांहीं विचारलें तर उत्तर द्यावें. न विचारल्यास आपण होऊन बोलूं नये.